मशीन कोणाचं

चकली मी खात नाही. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय असं सांगते आणि माझ्या वयात ते कोणालाही पटतं. इथे कॅनडात, मार्कहॅमला, दिवाळीत पाच घरांतून डबे येतात. सून ते टेबलावर मांडून ठेवते. मी शेव खाते, चिवडा खाते, अनारसेसुद्धा दोन खाते, आणि चकलीचा डबा शेजारच्या बाईंकडे पाठवून देते. डॉक्टरांचं वाक्य चकलीलाच कसं लागू पडतं आणि शेवेला कसं नाही, हे सुनेच्या केव्हाच लक्षात आलं असणार, पण ती शहाणी आहे, विचारत नाही. आता सगळं लिहायला बसलेच आहे तर हेही लिहून टाकते. वाचून कोणाच्या तोंडची चव गेली तर माझा नाइलाज आहे. माझी जाऊन पन्नासच्या वर वर्षं झाली.

मॉन्ट्रियलला आमच्या घराला पुढून लोखंडी जिना होता, घराच्या बाहेरून वळण घेत दुसऱ्या मजल्यावर जाणारा. खाली आम्ही तिघं, म्हणजे अप्पा, आई आणि मी. वर रेआल आणि मिशलीन हे नवराबायको. तो रंगाच्या दुकानात कामाला, ती शिवणाच्या कारखान्यात. तो कामावरून आला की त्याच्या बुटांचा जिन्यावर ठणठण आवाज यायचा आणि आई चहाचं आधण ठेवायची, कारण त्यानंतर बरोबर वीस मिनिटांनी अप्पांची बस यायची. आमचं घड्याळ बिघडलं तरी चाललं असतं. स्वयंपाकघराला एकच खिडकी होती आणि ती हिवाळ्यात उघडायची सोय नव्हती, त्यामुळे सोमवारी घातलेली फोडणी गुरुवारपर्यंत घरात नांदायची. माझ्या कोटाला, वह्यांना, केसांना तो वास असायचा. शाळेत मी खिडकीजवळची जागा पकडून बसायचे. आईला त्याचं काही वाटायचं नाही. ग्रीक वाण्याकडून डाळी आणायच्या, आर्मेनियन दुकानातून जिरं, आणि मग दिवसभर मंद आचेवर चकलीची भाजणी परतत उभं राहायचं, हे तिचं या देशाला उत्तर होतं.

अप्पा एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होते. तिथे त्यांना कोणी पुरत्या नावानेही हाक मारत नसे. पाध्ये या आडनावाचं त्यांनी ‘पॅडी’ करून टाकलं होतं. पण मराठी मंडळात अप्पा संपादक होते. शहरात मराठी कुटुंबं असतील नसतील तीसेक, पण दिवाळी अंक निघालाच पाहिजे, त्यावाचून दिवाळी झाली असं कोणाला वाटणार नाही, हा अप्पांचा हट्ट. त्यासाठी मंडळाने एका शाळेने मोडीत काढलेलं सायक्लोस्टाइल मशीन घेतलं होतं. ते आमच्या बेसमेंटमध्ये, आईच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी होतं. चालू ठेवायचं काम सायमनकाकांचं. ते मूळचे रेवदंड्याकडचे बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, छापखान्यात मेकॅनिक. शनिवारी ते कशालाच हात लावत नसत, पण रविवारी सकाळी स्वतःचे पाने घेऊन हजर. माझं काम स्टेन्सिल कापण्याचं. मेणकागदावर टोकदार लेखणीने अक्षर कोरायचं, चुकलं तर लाल द्रव लावून वाळू द्यायचं आणि पुन्हा कोरायचं. मी चौदा वर्षांची होते आणि माझं अक्षर चांगलं होतं, त्यामुळे त्या वर्षीचा सगळा अंक माझ्या हातचा होता. ऑक्टोबरभर माझ्या नखांत शाई असायची.

त्या मशीनवर रेआलही छापायचा. हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावरच आहे. आमचा दोघांचा घरमालक एकच, आणि तो हिवाळ्यात घर गरम ठेवणारी हीट सोडायचा नाही. आदल्या हिवाळ्यात आई आत दोन स्वेटर आणि वर नऊवारीएवढी मोठी शाल गुंडाळून पोळ्या लाटायची. रेआलने गल्लीतल्या भाडेकरूंची समिती केली आणि हीटबद्दल पत्रकं वाटायचं ठरवलं. अप्पांनीच त्याला सांगितलं, आमच्याकडे मशीन आहे, वापरा. बेसमेंटची किल्ली त्याच्या हातात अप्पांनीच ठेवली. चौथ्या पत्रकानंतर रेडिएटर गरम झाले. आईने त्या दिवशी वर शिरा पाठवला आणि मिशलीनने डबा परत करताना त्यात साखरेच्या सारणाचा ‘पाय’, त्यांच्याकडचा भाजलेला गोड पदार्थ, घालून पाठवला. पत्रकाखाली समितीचं नाव असायचं आणि रेआलचं. आमचं नसायचं. अप्पांनीच तसं सुचवलं होतं.

आणि रेआल मला फ्रेंच शिकवायचा. माझी शाळा इंग्रजी होती. तिथली फ्रेंच म्हणजे फळ्यावरची, बाजारात न चालणारी. तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून शिकवायचा. माझा हातमोजा उचलायचा आणि विचारायचा, हे कोणाचं? मी म्हणायचे, ‘से ता मुआ’, माझं. मग स्वतःची टोपी दाखवायचा. ‘से ता लुई’, त्याचं. मी चुकले की तो ती वस्तू खिशात घालायचा, बरोबर बोलल्याशिवाय परत द्यायचा नाही. एकदा माझा एक हातमोजा दोन दिवस त्याच्याकडे होता. वर्षभरात मी इतकी तयार झाले की अप्पांची सरकारी पत्रं मी वाचून दाखवायला लागले, आणि दारात कोणी फ्रेंच बोलणारा आला की आई ओला हात पदराला पुसत मला हाक मारायची.

मग १९७० च्या ऑक्टोबरचे ते दिवस आले. क्वेबेक, म्हणजे आमचा फ्रेंच बोलणारा प्रांत, वेगळा देश व्हावा म्हणणाऱ्या एका गटाने बाँब तर आधीच फोडले होते, आता दोन बड्या माणसांना पळवून नेलं, आणि त्यातल्या एकाचा पुढे जीव घेतला. ते वाईटच होतं. मी तेव्हाही वाईट म्हटलं आणि आजही म्हणते. पण त्यावर सरकारने लढाईच्या काळासाठी ठेवलेला कायदा बाहेर काढला. एका सकाळी आम्ही उठलो तर रस्त्यात लष्कराचे ट्रक, कोपऱ्यावर हेल्मेट घातलेले शिपाई, आणि पोलिसांना वॉरंटशिवाय कोणाच्याही घरात शिरायची, कोणालाही उचलायची मुभा. वकील नाही, आरोप नाही, कुठे ठेवलंय ते सांगायचं बंधन नाही. आमच्या वर्गातल्या मुली शिपायांना कॉफी नेऊन द्यायच्या. मीही एकदा गेले होते. शिपाई दिसायला छान होता. अप्पा सकाळी टाय बांधताना म्हणाले, “बरं झालं, जरा जरब बसेल.” हे त्यांचं एकट्याचं मत नव्हतं, सगळ्या देशाचं होतं.

शनिवार होता, दुपारी दोनचा सुमार. आई चकल्या तळत होती आणि मी सोऱ्या दाबत होते. वर आधी पुष्कळ पावलं वाजली, मग फर्निचर ओढल्याचा आवाज, मग काच. मिशलीन काहीतरी मोठ्याने बोलली आणि एकदम थांबली. आई म्हणाली, “गॅस बारीक कर.” थोड्या वेळाने आमचं दार वाजलं. दारात दोन पोलीस, मागे बंदूक घेतलेला एक शिपाई. जाड पोलिसाच्या हातात हीटचं पत्रक होतं. हे कुठे छापलं, असं त्याने फ्रेंचमध्ये विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत दुसरा आमच्या स्वयंपाकघरातून सरळ बेसमेंटमध्ये उतरला आणि वर येऊन म्हणाला की मशीन इथे आहे. त्याच्या हातात माझी चार स्टेन्सिलं होती, नुकती कोरलेली. ही कसली लिपी, असं तो विचारत होता आणि कागद उजेडाकडे उलटा धरून बघत होता.

अप्पा बनियनवर शर्ट चढवत बाहेर आले. दार उघडंच होतं. समोर जिन्याच्या पायथ्याशी रेआल उभा होता, हात मागे बांधलेले, पायांत मोजे, बूट नाहीत. आमच्या दारापासून फार तर सहा पावलं.

“मशीन कोणाचं, विचारतायत,” मी अप्पांना सांगितलं.

अप्पांनी एकदा बाहेर बघितलं. मग माझ्याकडे बघून, मराठीत, अगदी हळू म्हणाले, “सांग, वरच्यांचं आहे. आपण फक्त जागा दिली.”

“अप्पा, पण ते मंडळाचं—”

“सांगितलं तेवढंच सांग. आणि ते कागद म्हणावं देवाचे आहेत.”

मी सांगितलं. से ता लुई. तीन शब्द, उच्चार स्वच्छ, कुठे अडखळले नाही. पोलिसाने मान वळवून रेआलला विचारलं, खरं का? रेआलने माझ्याकडे पाहिलं. मग खांदे उडवले. त्या उडवलेल्या खांद्यांचा अर्थ मी आयुष्यभर लावते आहे. काय फरक पडतो, असा असेल. पोरीला कशाला मध्ये ओढता, असाही असेल. किंवा मला वाटलंच होतं, असा. त्याला गाडीत घातलं. मशीन न्यायला दुसरी गाडी येईपर्यंत दोघं पोलीस आणि तो शिपाई आमच्याकडेच थांबले.

आणि आईने त्यांना चकल्या दिल्या. दारी आलेला माणूस तसाच जाऊ द्यायचा नाही, हे तिच्या हाडात होतं, आणि त्या दिवशी तिची हाडंच काय ती शाबूत होती. तिने स्टीलची ताटली पुढे केली. जाड पोलिसाने एक खाल्ली, मान डोलावली, आणखी दोन घेतल्या. शिपाई नको म्हणाला, तर आईने त्याच्या हातात कोंबली. विशीचं पोर ते, बंदूक काखेत धरून चकली खात आमच्या पायपुसण्यावर उभं राहिलं. वरून मिशलीनच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि खाली कुरुमकुरुम. मी मोरीत जाऊन ओकले, आणि बाहेर आले तर अप्पा त्यांना हसून काहीतरी सांगत होते, ‘व्हेरी पॉप्युलर इन इंडिया’. पोलिसांपेक्षा मला त्या हसण्याची जास्त किळस आली. माझी स्वतःची किती आली ते लिहायला मला अजून शब्द सापडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याकडे मंडळाची समिती बसली. पोहे, चहा आणि उरलेल्या चकल्या. मी आतून ऐकत होते. पहिला अर्धा तास अंक आता छापायचा कुठे यावर गेला. डॉक्टर लिमये म्हणाले, त्यांच्या हॉस्पिटलात मशीन आहे, रविवारी कोणी नसतं, जमवता येईल. सगळ्यांना हायसं वाटलं. मग सायमनकाका बोलले.

“ते राहू द्या हो. माणसाचं काय करायचं? मशीन आपलं. मी स्वतः त्याचा रोलर बसवलाय. आपण चौघं जाऊ आणि सांगू.”

“सायमन, बी प्रॅक्टिकल,” लिमये म्हणाले. “पाध्यांचं सिटिझनशिपचं अप्लाय करायचं वर्ष आहे. माझ्या भावाचे पेपर्स ओटावाला पडलेत. उगाच कशाला इन्व्हॉल्व्ह व्हायचं? आणि त्यांच्याकडे काहीतरी असल्याशिवाय का कोणी उचलतं?”

“हीटचं पत्रक होतं त्यांच्याकडे,” सायमनकाका म्हणाले. “ही खोली गरम आहे ना, त्याचं.”

तेवढ्यात मिशलीन आली. तिने मागच्या दारावर टकटक केली आणि मी तिला समितीसमोर घेऊन गेले. तिचे डोळे सुजले होते, पण आवाज सरळ होता. तो कुठे आहे ते कोणी सांगत नाही, ती म्हणाली. वकिलाला भेटू देत नाहीत. तुम्ही चांगली नोकरी करणारी माणसं आहात, मशीन तुमचं आहे एवढं जाऊन सांगा, तुमचं कोणी काही करणार नाही. मी एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. सहा पुरुष पोह्यांच्या बशा मांडीवर घेऊन ऐकत होते. शेवटी अप्पा म्हणाले, “तिला म्हणावं, आम्ही सगळे त्याच्यासाठी प्रार्थना करतोय.”

तेही मी भाषांतर करून सांगितलं. मिशलीन अप्पांकडे नाही, माझ्याकडे बघत राहिली. मग आईच्या हातातला चहा तिने घेतला नाही, आणि गेली.

सोमवारी सायमनकाका एकटेच जेवणाच्या सुट्टीत ठाण्यावर गेले. सुट्टी संपली, दिवस संपला, त्यांना बाकावर बसवून ठेवलं. त्यांचं नाव, पत्ता, जन्मगाव तीनदा लिहून घेतलं आणि घरी जा म्हणाले. संध्याकाळी ते आमच्याकडे आले ते टोपीही न काढता.

“मशीनचा विषयच नाही तिथे, पाध्ये,” ते म्हणाले. “कोणी ऐकूनसुद्धा घेतलं नाही. त्यांच्याकडे यादी होती, त्यात त्याचं नाव होतं, उचलला.”

अप्पांचा चेहरा खुलला. अगदी खुलला, सांगते. “बघा,” ते म्हणाले, “म्हणजे आपल्यामुळे नाही.” मग माझ्याकडे वळले, “निमा, ऐकलंस ना? त्याला तसंही नेणारच होते.”

सायमनकाका त्यांच्याकडे बघत म्हणाले, “तुम्हाला ते तेव्हा कुठे माहीत होतं?” आणि चहा न घेता गेले. मंडळातही पुन्हा आले नाहीत. अप्पांनी मात्र ते ‘तसंही’ उरलेलं सगळं आयुष्य जपून ठेवलं. शेवटच्या आजारात, एटोबिकोच्या हॉस्पिटलात, मी पाय चेपत असताना ते मध्येच म्हणाले होते, “तसंही नेणारच होते गं.” कोणाबद्दल ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माणूस वाईट नव्हता. माझी फी भरण्यासाठी त्याने दहा वर्षं एकच ओव्हरकोट वापरला. पण भ्यालेला माणूस किती स्वच्छ खोटं बोलतो आणि ते बोलायला मुलांची तोंडं कशी वापरतो, हे मी त्याच्याकडूनच शिकले. आजही टीव्हीवर कुठल्या तरी देशात दाढीवाल्या पोरांना ट्रकमध्ये कोंबताना दाखवतात, आणि आमच्या सीनियर्सच्या ग्रुपमध्ये कोणीतरी समोसा खात म्हणतं, काहीतरी केलंच असेल. मी पर्स उचलून घरी येते. त्यापलीकडे काही करत नाही, हेही लिहायला हवं.

अंक वेळेवर निघाला. जप्त झालेली चार पानं मी पुन्हा कोरली, त्यात अप्पांचं संपादकीयही. आधीचं संपादकीय मराठी भाषेवर होतं. ते काढून त्यांनी नवं लिहिलं. या उदार भूमीने आपल्याला आसरा दिला, संकटकाळी तिच्या शासनाच्या पाठीशी उभं राहणं हे आपलं कर्तव्य, वगैरे. ‘कर्तव्य’ मधला रफार माझ्याकडून दोनदा फाटला. चर्चच्या हॉलमध्ये दिवाळीचा कार्यक्रम झाला, अप्पांनी ते वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या. लिमये म्हणाले, अक्षर काय सुंदर आहे तुमच्या मुलीचं. त्या अंकाची एक प्रत अजून माझ्याकडे बेसमेंटमध्ये खोक्यात आहे. टाकायला जाते आणि परत ठेवते.

रेआल तीन आठवड्यांनी सुटला. आरोप कसलाच नाही. तेव्हा उचललेल्या बहुतेकांवर कधी आरोप ठेवलाच नाही, हे पुढे सगळ्यांना कळलं. मी शाळेतून आल्यावर फावड्याने जिना साफ करत होते. वर्षाचा पहिला बर्फ, ओला, जड. रोज मी मनात एक वाक्य घोटत होते, कारण आज ना उद्या तो त्या जिन्यावरून वर जाणार होता. मशीन आमचं होतं, मी खोटं बोलले, मला माफ कर. फ्रेंचमध्ये ते लांबलचक होतं आणि त्यातल्या एका क्रियापदाची मला खात्री नव्हती. ती खात्री करून घ्यायला मला तोच एक माणूस माहीत होता.

तो कोपऱ्यावरून चालत आला. पायांत कोणाचे तरी मोठे बूट, दाढी वाढलेली, एक खांदा उतरलेला. जिन्याजवळ थांबला. मी फावडं बाजूला धरलं आणि वाक्य म्हटलं. सगळं म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच्या चेहऱ्याकडे बघून. क्रियापदसुद्धा बरोबर आलं असावं, कारण एरवी चुकलं की त्याची डावी भुवई वर जायची, ती गेली नाही.

त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग तो इंग्रजीत बोलला, एकेक शब्द सुटा करून, भाषा न येणाऱ्या परक्या माणसाशी बोलावं तसा.

“सॉरी, मिस. आय डोन्ट अंडरस्टँड.”

मी बाजूला झाले. तो मी साफ केलेल्या पायऱ्यांवरून वर गेला. मेमध्ये त्यांनी घर सोडलं, आणि तोवर जितक्यांदा दिसला तितक्यांदा तो माझ्याशी इंग्रजीतच बोलला.